यंत्रनियंत्रणातील प्रोग्रामेबल कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर

संगणकनियंत्रित मिलिंग यंत्रात कटरने कोठे आणि किती वेगाने जायचे, हे संगणकातील आज्ञावली ठरविते. तिचा हुकूम मोटारीपर्यंत पोहोचण्याआधी दोन मध्यस्थांच्या हातून जातो. एक म्हणजे संगणकाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक कार्ड, आणि दुसरा म्हणजे त्या कार्डाशी बोलणारा आज्ञावलीचा छोटा भाग, अर्थात डिव्हाइस ड्रायव्हर. छपाईयंत्राचा ड्रायव्हर चुकला तर कागद वाया जातो. यंत्राचा ड्रायव्हर चुकला तर धातूचा तुकडा बिघडतो, हत्यार मोडते आणि क्वचित कामगाराला इजाही होते. त्यामुळे नव्या कार्डासाठी ड्रायव्हर जुळवून घेणे हे विशेष जबाबदारीचे काम मानले जाते.

या विषयाचे उत्तम उदाहरण म्हणजे लिनक्ससीएनसी ही मुक्त स्रोत प्रणाली. तिचा उगम अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या शासकीय संस्थेत १९९०च्या दशकात झाला. एन्हान्स्ड मशिन कंट्रोलर हे तिचे मूळ नाव. पुढे स्वयंसेवी तंत्रज्ञांनी ती वाढविली आणि तिला आजचे नाव मिळाले.

कार्डाची गरज का?

स्टेपर मोटार स्पंदांवर चालते. एका फेऱ्यासाठी २००० स्पंद लागतात आणि एका फेऱ्यात अक्ष ५ मिलिमीटर सरकतो, असे समजू. मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर वेग हवा असेल, तर सेकंदाला ४० हजार स्पंद द्यावे लागतील. दोन स्पंदांत अंतर अवघे २५ मायक्रोसेकंद. एवढ्या अवधीत प्रत्येक स्पंद चढवायचा आणि उतरवायचाही. अनेक कामांत गुंतलेल्या सर्वसाधारण संगणकाला हा ताल सांभाळणे अवघड जाते.

येथे फील्ड प्रोग्रामेबल गेट ॲरे, म्हणजेच एफपीजीए, ही चिप उपयोगी पडते. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये अशी पहिली व्यापारी चिप बाजारात आणली. या चिपमधील तार्किक मंडलांची जोडणी कारखान्यात कायमची ठरत नाही, वापरणारा ती नंतर ठरवू शकतो. त्यामुळे एकाच कार्डावर आज स्पंदनिर्माते, तर उद्या एन्कोडर मोजणारे गणक बसविता येतात. जलद काम चिप करते. संगणकाने साधारणपणे दर मिलिसेकंदाला एकदा तिची स्थिती वाचायची आणि नवा वेग लिहायचा, एवढेच उरते.

दोन थरांची रचना

कॅलिफोर्नियातील मेसा इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्डांसाठी होस्टमॉट२ नावाची चिपरचना आणि त्याच नावाचा लिनक्स ड्रायव्हर वापरला जातो. या ड्रायव्हरचे दोन थर आहेत. वरच्या थराला स्पंदनिर्माता, एन्कोडर, पीडब्ल्यूएम यांची माहिती असते. खालच्या थराला फक्त कार्डापर्यंत पोहोचण्याची वाट ठाऊक असते. ती वाट पीसीआय, समांतर पोर्ट, एसपीआय किंवा इथरनेट यांपैकी कोणतीही असू शकते.

नवे कार्ड आले की बहुधा खालचा थरच नव्याने लिहावा लागतो. दिलेल्या पत्त्यावरून वाचणे, तेथे लिहिणे आणि गरज असल्यास चिपमध्ये रचना भरणे, ही त्याची मुख्य कामे. वरचा थर मग कार्डावरील ओळखपत्रिका वाचतो. कोणते विभाग किती आहेत, कोणती पिन कोणाकडे आहे आणि घड्याळाची गती किती, हे तिच्यात नोंदलेले असते. मशिनकिट या लिनक्ससीएनसीतून फुटून निघालेल्या प्रकल्पात हीच रचना प्रोसेसर आणि एफपीजीए एकत्र असलेल्या चिपवर नेण्यात आली. तेथे केबलची जागा चिपमधल्या अंतर्गत पुलाने घेतली.

घड्याळाचा हिशेब

जुळवणीत घडणारी मोठी चूक अनेकदा दिसत नाही. मोटारीच्या ॲम्प्लिफायरला किमान ५ मायक्रोसेकंदांचा स्पंद हवा असल्यास ड्रायव्हर त्या काळाचे रूपांतर घड्याळाच्या ठोक्यांत करतो. ओळखपत्रिकेत गती ३३ मेगाहर्ट्झ लिहिलेली, पण प्रत्यक्षात ५० मेगाहर्ट्झ असेल, तर स्पंद सुमारे ३.३ मायक्रोसेकंदांचाच निघेल. ॲम्प्लिफायर काही स्पंद गाळील. चिपच्या मोजणीत मात्र ते दिलेलेच राहतील. पडद्यावर आकडे अचूक आणि टेबलावरचा भाग चुकलेला, असा प्रकार घडतो. म्हणूनच नव्या कार्डावर प्रथम ऑसिलोस्कोपने स्पंद मोजावा आणि नंतरच मोटार जोडावी.

इथरनेटच्या वाटेवर वेळेचा प्रश्न आणखी नाजूक होतो. प्रत्येक नोंद वेगळी मागितली तर मिलिसेकंद अपुरा पडतो. म्हणून अनेक मागण्या एकत्र करून एकाच पाकिटात पाठविल्या जातात आणि कार्डासाठी स्वतंत्र नेटवर्क पोर्ट राखून ठेवला जातो. लिनक्सकडून वेळेची हमी मिळावी यासाठी पूर्वी आरटीएआय हा वेगळा विस्तार जोडावा लागे. पुढे प्रीएम्प्ट-आरटी ही पद्धत रुळली आणि २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीपासून ती मुख्य प्रवाहात दाखल झाली.

संपर्क तुटला तर?

ड्रायव्हरची खरी कसोटी लागते ती संपर्क तुटल्यावर. संगणक गोठला किंवा तार निघाली, तरी चिप शेवटच्या हुकुमानुसार स्पंद देतच राहील. हे टाळण्यासाठी होस्टमॉट२ मध्ये वॉचडॉग, म्हणजे पहारेकरी घड्याळ असते. ठरावीक काळात, मूळ मांडणीनुसार ५ मिलिसेकंदांत, संगणकाकडून खूण आली नाही तर ते सर्व पिना विभागांपासून तोडते. वर दिलेल्या वेगाने एवढ्या काळात अक्ष अर्धा मिलिमीटर पुढे जातो. शिवाय मोटारीचा स्वतःचा जोर असतोच.

तोडलेल्या पिना इनपुट बनतात आणि पुल-अप रोधांमुळे उच्च पातळीवर जातात. स्पिंडलचा रिले उच्च पातळीला चालू होणारा असेल, तर सुरक्षेसाठी केलेली योजनाच स्पिंडल सुरू करील! त्यामुळे बाह्य मंडलाची दिशा तपासणे हाही ड्रायव्हर जुळविण्याचाच भाग आहे. खालच्या थरानेही वाचन फसल्यास जुना आकडा खरा म्हणून पुढे न ढकलता अपयश वर कळविले पाहिजे.

जुळवणी पूर्ण झाली की चाचणीही याच क्रमाने घ्यावी. मोटारी व हत्यार न जोडता पिना तपासाव्यात. मग चालू अवस्थेत केबल मुद्दाम काढून काय घडते ते पाहावे आणि शेवटी कमी वेगाने अक्ष हलवावा. आपत्कालीन थांब्याचे बटण मात्र कधीही केवळ ड्रायव्हरच्या भरवशावर ठेवू नये. ते मोटारींचा वीजपुरवठा थेट तारेनेच तोडणारे असावे.