तयार बायनरी : मुक्त सॉफ्टवेअर घरी पोहोचते कसे?

भाईंदर पूर्वेतील कारखान्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी तयार होतात. पातेले घेणारा ग्राहक पत्रा कुठून आला, तो कोणत्या साच्यात दाबला, हे विचारत नाही. तो तयार वस्तू घेतो आणि बनवणाऱ्यावर भरवसा ठेवतो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचेही बरेचसे असेच आहे. त्याची कृती सर्वांसाठी खुली असली, तरी बहुतेकांच्या संगणकावर येते ती कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली फाइल. या फाइलला बायनरी म्हणतात.

प्रोग्रॅमर लिहितो तो सोर्स कोड माणसाला वाचता येतो. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्याचे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. हे काम घरी करणे तत्त्वतः शक्य असले, तरी विंडोजबरोबर कंपायलर मिळत नाही. शिवाय अनेक साहाय्यक लायब्ररी नेमक्या आवृत्तीच्या असाव्या लागतात. म्हणूनच मोठे प्रकल्प विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडसाठी, तसेच इंटेल आणि एआरएम प्रोसेसरांसाठी, वेगवेगळ्या बायनरी स्वतः तयार करून संकेतस्थळावर ठेवतात.

बायनरी वाटणाऱ्यावर काही बंधनेही असतात. जून १९९१ मधील जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार बायनरी देणाऱ्याने सोबत सोर्स कोड द्यावा, किंवा तो मागणाऱ्याला देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. बीएसडी आणि एमआयटी परवान्यांत अशी अट नाही.

सीडीचे दिवस

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे आलेल्या ५६ किलोबिटच्या डायल-अप जोडणीवरही ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, २५ तासांहून अधिक वेळ लागे. त्यामुळे ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांनी अंकासोबत दिलेल्या लिनक्सच्या सीडी हातोहात फिरल्या. ब्रॉडबँड आल्यावर ही अडचण सरली आणि फाइल नेमकी कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न उरला.

व्हीएलसीचा धडा

या प्रश्नाचे गांभीर्य भारतात २०२२ मध्ये दिसले. व्हीएलसी हा चित्रफिती पाहण्याचा लोकप्रिय प्लेअर. त्यामागील व्हिडिओलॅन हा उपक्रम १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि २००१ मध्ये तो जीपीएलखाली खुला झाला. फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात बंद करण्यात आले. कोणतेही कारण जाहीर झाले नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने व्हिडिओलॅनने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली.

या काळात व्हीएलसी वापरण्यास मनाई नव्हती. अँड्रॉइड आणि आयफोनच्या दुकानांत ॲप मिळतच होते. मीरा रोडच्या एखाद्या घरात नवा संगणक आला, तर मात्र अधिकृत बायनरीचा रस्ता बंद होता आणि शोधयंत्र पुढे करील त्या अनोळखी संकेतस्थळांचा रस्ता मोकळा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिमॅन्टेक कंपनीने ‘सिकाडा’ या हल्लेखोर गटाबद्दल माहिती प्रसिद्ध केली होती. हा गट खऱ्या व्हीएलसीसोबत आपली घातक फाइल ठेवून ती चालवत असे. मूळ प्रोग्रॅम निर्दोष असला, तरी त्याच्या नावाने मिळणारे गाठोडे निर्दोष असतेच असे नाही.

मूळ प्रकल्प सोडून तिसऱ्यावर विसंबण्याचा तोटा ‘गिम्प’ या चित्र-संपादन प्रकल्पानेही अनुभवला. फसव्या जाहिराती आणि सोबत इतर सॉफ्टवेअर घुसडणारा इन्स्टॉलर यांमुळे त्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये सोर्सफोर्जवरून विंडोज आवृत्ती देणे थांबवले. तरीही मे २०१५ मध्ये त्याच ठिकाणी जाहिराती जोडलेली गिम्पची फाइल वाटली जात असल्याचे उघड झाले. २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर सोर्सफोर्जने ती पद्धत बंद केली.

खात्री कशी करावी?

अनेक प्रकल्प बायनरीसोबत चेकसम देतात. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी पूर्णपणे बदलतो. विंडोजमधील ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने तो काढून प्रकल्पाने दिलेल्या आकड्याशी ताडता येतो. मात्र संकेतस्थळच हल्लेखोरांच्या हाती गेले, तर ते फाइलबरोबर चेकसमही बदलू शकतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरील दुवा बदलून बनावट आवृत्ती देण्यात आली होती. म्हणून प्रकल्पाच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल स्वाक्षरी चेकसमपेक्षा अधिक भरवशाची.

स्वाक्षरीचीही मर्यादा आहे. फाइल कुणी दिली हे ती सांगते. त्या फाइलमध्ये काय आहे, हे सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती उघडी करणारा भाग प्रकल्पाच्या सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हता, तर वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता आणि ते गाठोडे प्रकल्पाच्या एका विश्वासू सहकाऱ्यानेच तयार केले होते. यावर उपाय म्हणून डेबियनसह अनेक प्रकल्प ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’वर भर देतात. एकाच कोडपासून कुणीही, कुठेही बांधले तरी तंतोतंत तीच बायनरी मिळावी, असा त्यामागील विचार आहे. तसे झाले की एकाच्या शब्दावर विसंबण्याऐवजी अनेकांना पडताळणी करता येते.

सामान्य वाचकाने निदान इतके पाळावे : शोधयंत्रातील जाहिरातीवरून फाइल घेऊ नये, प्रकल्पाचे अधिकृत संकेतस्थळ किंवा लिनक्सचे स्वतःचे पॅकेज-भांडार वापरावे आणि चेकसम दिलेला असल्यास तो ताडून पाहावा. कोड खुला असल्यामुळे तपासणी शक्य होते. पण आपल्या हाती आलेली फाइल त्याच कोडची आहे का, हे दरवेळी पाहावेच लागते.