परक्या नजरेतले चिंचवड

अठराव्या शतकाच्या अखेरीस वेल्श माणसे आपली परंपरा शोधत होती. गवंडीकाम करणाऱ्या योलो मॉर्गानूग या कवीने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर कवींची सभा भरवली व तिला प्राचीन म्हटले. ती बरीचशी त्याचीच रचना होती, हे पुढे उघड झाले.

वेल्श पित्याचा पुत्र विल्यम जोन्स याने १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापली. तिच्याच ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात कॅप्टन एडवर्ड मूरने चिंचवडच्या देवांवर लिहिले. त्याच्या लेखी ते वंशपरंपरेने चालत आलेले जिवंत दैवत.

मूरचे म्हणणे निराधार नव्हते. मोरया गोसावींच्या वंशात गणपतीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, ही श्रद्धा होतीच. पण नवलाईच्या भरात दुसरी बाजू झाकली गेली. देव इनामदारही होते. राज्य बदलले की सनदा पुन्हा करून घेणे, गावांचा वसूल राखणे हा त्यांचा व्यवहार मोडी कागदांत आहे. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ च्या ग्रंथात देवांचे राज्यसत्तेशी असलेले नाते तपशिलाने मांडले.

योलोला कागद रचावे लागले. चिंचवडला ते होते. पिंपरीचा इतिहास १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला वाटते, आधी हे कागद वाचावेत. नाहीतर आपली ओळख आपल्याला मूरकडूनच घ्यावी लागेल.