काळाने नव्हे, माणसाने

श्रोतेहो, चला, आज ग्रीस देशातल्या अथेन्सची अक्रोपोलिस टेकडी चढू. वाटाड्या पुढे आहे, आपण मागोमाग जाऊ. माथ्यावर दिसते ते अथीना देवीचे संगमरवरी मंदिर, पार्थेनॉन. इ. स. पूर्व ४४७ मध्ये काम सुरू झाले आणि १५ वर्षांत कोरीवकामासह पुरे झाले.

आज वर छप्पर नाही. आपण सहज म्हणतो, "काळाचा महिमा!" पण जरा थांबा. काळापुढे हे मंदिर दोन हजार वर्षे टिकले. त्याचे चर्च झाले, मग मशीद झाली, तरी ते उभेच होते. १६८७ साली तुर्कांनी आत दारू साठवली होती. वेढा घालणाऱ्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा तीवर पडला आणि मधला भाग उडाला. पुढे १८०१ पासून लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी बरीचशी शिल्पे काढून नेली. १८१६ साली ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने घेतली. पायथ्याशी २००९ साली उघडलेल्या संग्रहालयात त्यांच्या जागी प्लास्टरच्या प्रतिकृती मांडल्या.

तेव्हा गुरुजी, पडक्या वास्तूचे चित्र दाखवाल, तेव्हा मुलांना 'किती जुनी?' एवढेच विचारू नका. 'कोणी मोडली?' हेही विचारा.