पांढऱ्या सुगंधी मेणवस्तूंचा रंगबदल व त्याचे निवारण

पांढऱ्या मेणात सुगंध मिसळून ओतलेल्या मेणबत्त्या, कपाटात टांगायच्या मेणपट्ट्या, दिव्यावर वितळवायच्या वड्या, मेणाची फुले व मूर्ती काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पिवळसर, बदामी, कधी चक्क चॉकलेटी पडतात. या बदलाचे मूळ बहुतेक वेळा सुगंधात असते. म्हणून निवारणाची सुरुवात सुगंधाची बाटली निवडतानाच करावी लागते. त्यानंतरचे बरेचसे उपाय रंग चढण्याचा वेग कमी करतात, तो थांबवत नाहीत.

कारणे : सर्वांत मोठे कारण व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या शेंगेतून ते १८५८ मध्ये निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगळे केले आणि १८७४ मध्ये फेर्डिनांट टीमान व व्हिल्हेल्म हार्मान यांनी ते कृत्रिम रीतीने बनवले. पांढरे स्फटिक असलेले हे द्रव्य हवा, उजेड आणि उष्णता यांच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडीकरण पावते व तपकिरी संयुगे तयार होतात. उजेडाने वेग वाढतो, पण अंधारातही क्रिया चालूच राहते. केक, कॅरमेल, चॉकलेट, कॉफी अशा ‘गोड’ वासांत व्हॅनिलिन किंवा एथिल व्हॅनिलिन असतेच; दुसऱ्याचा वास तीव्र असल्याने ते कमी पुरते, पण रंग तेही चढवते. लोबानातही थोडे व्हॅनिलिन आढळते.

आपल्याकडे ज्यांना सर्वांत जास्त मागणी, ते मोगरा-जाईचे वासही निर्धोक नाहीत. या फुलांच्या गंधातला इंडोल हा घटक उजेडात तांबूस होतो. मोगऱ्यातील मेथिल अँथ्रानिलेट मिश्रणातल्या अल्डिहाइडांशी जुळून केशरी-पिवळी संयुगे बनवते. ही क्रिया बाटलीतही घडते, त्यामुळे जुने मिश्रण नव्यापेक्षा गडद दिसते. लवंगेच्या तेलातले युजेनॉल काळपटपणा आणते. खसाचे अत्तर मुळातच तपकिरी असल्याने पहिल्या दिवसापासून झाक दिसते. याउलट गुलाबातील फेनिल एथिल अल्कोहोल, लव्हेंडरमधील लिनॅलूल, चंदनातील सँटॅलॉल आणि कापूर ही द्रव्ये पांढऱ्या कामाला बरीच सुरक्षित. बाजारातला ‘गुलाब’ मात्र अनेक द्रव्यांचे मिश्रण असतो, त्यात गोडव्यासाठी व्हॅनिलिन घातलेले असू शकते. नावावर विसंबू नये.

मेणाचा वाटा यापेक्षा लहान, तरी नगण्य नाही. कमी शुद्ध केलेल्या पॅराफिनमध्ये राहिलेले तेल पिवळसरपणा देते. प्रमाणाबाहेर तापवलेले किंवा पुन्हा पुन्हा वितळवलेले कोणतेही मेण पिवळे होते. मधमाशांचे मेण मुळात पिवळे. त्याच्या पातळ पट्ट्या उन्हात पसरून ते पांढरे करण्याची पद्धत जुनी आहे. जे ऊन तिथे मेण उजळवते, तेच सुगंधी मेणवस्तूला डागाळते, कारण तिथे ते मेणातले रंगद्रव्य नष्ट करते आणि इथे गंधद्रव्यापासून नवे रंगद्रव्य घडवते.

भांड्यांचे दोषही मोठे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात स्टिअरिक आम्ल घातलेले मेण तापवले, की कडेला हिरवट झाक येते; तांबे आम्लाशी संयोग पावल्याची ती खूण. लोखंडाचा अंश मेणात उतरला, तर कॅरमेल वासांतील एथिल माल्टॉल गुलाबी डाग पाडते. स्टेनलेस स्टीलचे भांडे आणि ढवळायला स्टीलचाच चमचा, ही साधी सावधगिरी आहे.

प्रमाणाचा हिशेब : विक्रेत्याकडून सुगंधातील व्हॅनिलिनचे शेकडा प्रमाण मागून घ्यावे. समजा, ते ५ टक्के आहे. १ किलो मेणात ६० ग्रॅम सुगंध घातला, तर त्यात ३ ग्रॅम व्हॅनिलिन गेले. एवढ्यानेही पांढऱ्यावर ठळक झाक येते. शुभ्र वस्तूच हवी असेल, तर हा आकडा शून्य असलेला सुगंध घ्यावा. सुगंधाचे एकूण प्रमाण घटवल्याने झाक फिकी होते, पण वासही जातो, म्हणून तो तोडगा फारसा उपयोगाचा नाही.

निवारणाचे उपाय : मेण थेट जाळावर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे, तापमापक वापरावा आणि सुगंध आच बंद केल्यावर, ओतण्याच्या थोडे आधी मिसळावा. अतिनील किरण शोषणारी बेंझोट्रायाझोल वर्गातील द्रव्ये मेणात साधारण ०.१ ते ०.५ टक्के मिसळतात. उजेडामुळे होणाऱ्या पिवळेपणावर ती चांगली चालतात, व्हॅनिलिनच्या तपकिरीपणावर फार कमी. साबणात वापरली जाणारी सल्फाइटयुक्त ‘व्हॅनिला स्टॅबिलायझर’ द्रव्ये पाण्यात विरघळणारी असल्याने मेणात नीट मिसळत नाहीत.

टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड रंग झाकते. वात नसलेल्या पट्ट्या व मूर्तींना ती चालते. मेणबत्तीत तिचे कण वातीत अडकून ज्योत मंदावते. कपड्यांना नीळ देतात त्याच तत्त्वावर जांभळ्या रंगाचा अगदी सूक्ष्म कण पिवळी झाक मारतो. मात्र हे रंग उजेडात उडतात आणि ते उडाले की खालचे पिवळे पुन्हा दिसू लागते. आतला गाभा सुगंधी ओतून वर बिनवासाच्या मेणाचा थर चढवण्याची युक्ती काही काळ टिकते, पण गंधद्रव्य हळूहळू बाहेरच्या थरात झिरपते.

वस्तू तयार झाल्यावर ती अपारदर्शक डब्यात, थंड जागी ठेवावी. काचेच्या बरणीवर भरवसा नको. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेला माल अंधारातही लवकर रंग धरतो, कारण उष्णता स्वतःच ही क्रिया वाढवते.

चाचणी : नवा सुगंध मोठ्या घाण्यात घालण्यापूर्वी एकाच ओतकामातले तीन तुकडे घ्यावेत. एक दक्षिणेच्या खिडकीत, एक बंद डब्यात, आणि एक अर्धा चांदीच्या कागदात गुंडाळून खिडकीतच. पंधरा दिवसांनी कागद सोडवल्यावर जे दिसते त्यावरून दोष कुठे आहे ते कळते. उघडा भाग पिवळा आणि झाकलेला शुभ्र, मधली रेघ स्पष्ट, तर कारण उजेड. अतिनील शोषक घालून प्रश्न बराचसा सुटेल. दोन्ही भाग बदामी पडले असतील आणि डब्यातला तुकडाही तसाच, तर दोष सुगंधातच आहे. अशा वेळी तो सुगंध सोडून द्यावा, नाहीतर वस्तू पहिल्यापासूनच मोतिया किंवा हस्तिदंती रंगात ओतावी. घेणाऱ्याला शुभ्र म्हणून दिलेली वस्तू महिन्याभरात रंग बदलते, त्यापेक्षा हे प्रामाणिक. शुद्ध पांढऱ्या तुकड्याचा एक जुना नमुना चाचणीशेजारी ठेवावा. डोळा हळू बदलाला लगेच सरावतो.

झालेल्या डागांवर उपाय थोडेच. उजेडाने आलेला पिवळेपणा वरवरचा असेल, तर गुळगुळीत वस्तूचा पृष्ठभाग नायलॉनच्या फडक्याने घासून किंवा पातळ थर खरवडून काढता येतो. व्हॅनिलिनची तपकिरी झाक आत खोलवर असते, ती घासून जात नाही. असे मेण टाकून देऊ नये. वितळवून गडद रंगाच्या मेणबत्त्यांच्या ओतकामात ते बिनदिक्कत वापरता येते.