'नाइस': एका शब्दाचा अर्थप्रवास

इंग्रजीतील 'नाइस' हा शब्द आज 'छान' या अर्थी इतका झिजला आहे, की त्याचे मूळ ध्यानातही येत नाही. लॅटिन 'नेस्किअस' म्हणजे अज्ञ. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला तो 'मूर्ख' हा अर्थ घेऊन. पुढे लाजरा, चोखंदळ, काटेकोर असा तो सरकत गेला. 'सुखद' हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी कॅथरिनच्या सरधोपट 'नाइस'ची थट्टा करतो. तिची खुमारी जुना अर्थ ठाऊक असेल तरच कळते. शेक्सपिअर वाचताना तर 'छान' हा प्रतिशब्द बाजूलाच ठेवावा. (विद्यार्थी नेमका तोच उचलतात!) 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे मात्र आजही 'सूक्ष्म भेद'च.