कोंबड्याच्या तुऱ्यापासून व्यायामशाळेपर्यंत

‘इंजेक्शन घेतले की तीन महिन्यांत दंड फुगतात, हे खरे का?’ नववी-दहावीच्या वर्गात आज हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. ‘छे, त्याने काही होत नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. शिवाय असे उत्तर देण्याची किंमत एका संपूर्ण पिढीने मोजलेली आहे. ही औषधे आली कोठून, ती शरीरात नेमके काय करतात आणि त्यांच्याबद्दल तज्ज्ञांवर खेळाडूंचा विश्वास का उरला नाही, हे या लेखात क्रमाने पाहू.

सहा कोंबडे

वृषण काढलेला बैल शांत होतो, हे शेतकऱ्याला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. पण असे का होते? 1849 साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला, आरवणे व झुंजणे थांबले. मात्र ज्यांच्या पोटात एक वृषण पुन्हा बसवले होते, मग ते त्यांचे स्वतःचे असो वा दुसऱ्या कोंबड्याचे, ते इतर कोंबड्यांसारखेच वाढले. पोट उघडून पाहता बसवलेल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या, पण मज्जातंतूंची जोडणी मात्र नव्हती. म्हणजे वृषणाचा निरोप रक्तातून जात असला पाहिजे. संप्रेरक हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता, तरी त्याची कल्पना या प्रयोगात स्पष्ट दिसते.

पुढचा टप्पा काहीसा गमतीचा आहे. 1 जून 1889 रोजी पॅरिसच्या एका वैज्ञानिक सभेत शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सांगितले, की कुत्र्याच्या व गिनिपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर आपल्याला तारुण्य परत मिळाले आहे. हाताची शक्ती त्यांनी यंत्राने मोजलीही होती. बातमी जगभर पसरली आणि अर्कांचा बाजार फोफावला. पण तो अर्क पाण्यात केलेला होता. वृषणातील संप्रेरक पाण्यात जेमतेम विरघळते आणि वृषणात त्याचा साठाही नसतो. ते तयार होते तसे रक्तात जाते. म्हणजे त्या अर्कात परिणाम करण्याइतके संप्रेरक असणे शक्यच नव्हते. तारुण्य आले होते ते मनात. तुलनेसाठी दुसरा गट नसला की केवढा मोठा शास्त्रज्ञही फसतो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शंभर किलोतून दहा मिलिग्रॅम

खरे संप्रेरक हाती येण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक लागले. 1927 मध्ये शिकागो विद्यापीठात फ्रेड कॉख व लेम्युएल मॅगी यांनी जवळच्या कत्तलखान्यातून बैलांचे सुमारे 18 किलो वृषण आणून त्यातून 20 मिलिग्रॅम क्रियाशील पदार्थ मिळवला. तो खरा की खोटा हे ठरवायला पुन्हा कोंबडाच उपयोगी पडला. पदार्थ टोचल्यावर खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा वाढतो का, हीच कसोटी होती. 1931 मध्ये अडोल्फ बुटेनांट यांनी पोलिसांकडून जमवलेल्या 15,000 लिटर लघवीतून 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. 1935 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या सुमारे 100 किलो वृषणांतून 10 मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक मिळवून त्यास ‘टेस्टोस्टेरोन’ हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट व लिओपोल्ड रुझिच्का यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवले. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

1935 मध्येच अमेरिकेत चार्ल्स कोचाकियन यांनी खच्ची केलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. पुरुष-संप्रेरक दिल्यावर त्यांच्या लघवीतून जाणारे नायट्रोजन कमी झाले. प्रथिनांतले नायट्रोजन बाहेर न जाता शरीरात थांबते, याचा अर्थ ऊती बांधल्या जात आहेत. संप्रेरकाची दोन कामे अशी वेगळी दिसू लागली. एक, दाढी-मिशा, आवाज अशी पुरुषी लक्षणे आणणे, आणि दुसरे, स्नायू बांधणे. या दुसऱ्या कामामुळे या संयुगांना ‘अ‍ॅनाबॉलिक’ म्हणजे घडण करणारी स्टेरॉइड असे नाव पडले. ही दोन कामे पूर्णपणे वेगळी करता येतील, अशी औषध कंपन्यांना आशा होती. दोन्ही कामे पेशीतील एकाच ग्राहकामार्फत होत असल्याने अशी पूर्ण फारकत करणारे स्टेरॉइड आजवर बनलेले नाही.

गोळी मैदानात येते

1954 मध्ये व्हिएन्ना येथे जागतिक भारोत्तोलन स्पर्धा झाल्या. अमेरिकी संघाचे डॉक्टर जॉन झीग्लर यांनी नंतर सांगितले, की सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरोन घेतात हे त्यांना तेथे कळले. 1958 मध्ये सीबा कंपनीची ‘डायनाबॉल’ ही गोळी अमेरिकेत आली. झीग्लर यांनी ती भारोत्तोलकांना थोड्या प्रमाणात दिली, पण खेळाडूंनी स्वतःच मात्रा कित्येक पटींनी वाढवली. पुढे झीग्लर यांना या साऱ्याचा तीव्र पश्चात्ताप झाला.

पूर्व जर्मनीत तर हे सरकारी धोरणच बनले. 1974 पासून ‘राज्य योजना 14.25’ या नावाखाली हजारो खेळाडूंना ओरल-ट्युरिनाबॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. त्यांत शाळकरी वयाच्या मुलीही होत्या, आणि या गोळ्या जीवनसत्त्वाच्या आहेत असे त्यांना सांगितले जाई. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये जलतरणात महिलांच्या 13 पैकी 11 सुवर्णपदके पूर्व जर्मनीने जिंकली. बर्लिनची भिंत पडल्यावर जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेनडॉंक या दांपत्याने गुप्त कागदपत्रे मिळवून 1991 मध्ये प्रसिद्ध केली. घोगरे झालेले आवाज, अंगावर वाढलेले केस, बिघडलेले यकृत, या सर्वांची नोंद तेथील डॉक्टरांनीच व्यवस्थित करून ठेवली होती. 2000 साली या योजनेचे दोन प्रमुख दोषी ठरले. मुलींचे बदललेले आवाज मात्र परत आले नाहीत.

तज्ज्ञांचा आवाज का ऐकला गेला नाही?

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग आता येतो. 1977 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने मत दिले, की वैद्यकीय मात्रेत घेतलेल्या स्टेरॉइडने शक्ती बहुधा लक्षणीय वाढत नाही आणि मोठ्या मात्रेबद्दल निर्णायक पुरावा नाही. हे विधान उपलब्ध प्रयोगांना धरून होते. पण ते प्रयोग लहान होते आणि त्यांतील मात्रा व्यायामशाळेतील मात्रेच्या तुलनेत किरकोळ होत्या. इकडे खेळाडू रोज आरशात वेगळेच काही पाहत होते. परिणाम असा झाला, की ‘हे औषध काम करत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचे ‘हे औषध घातक आहे’ हे म्हणणेही त्यांनी झटकून टाकले. 1980 च्या दशकात संस्थेने आपले मत बदलले, परंतु विश्वास एकदा गेला की सहज परत येत नाही.

या वादाचा निकाल 1996 मध्ये लागला. भारतीय वंशाचे डॉक्टर शालेंदर भसीन व सहकाऱ्यांनी 43 निरोगी पुरुषांचे चार गट केले आणि त्यांना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन किंवा दिसायला तसेच पण निष्क्रिय इंजेक्शन दिले. संप्रेरकाची कमतरता असलेल्या रुग्णाला देतात त्याच्या ही सुमारे सहा पट मात्रा होय. शरीराचे चरबीविरहित वजन नुसत्या व्यायामाने 1.9 किलो, व्यायामाशिवाय नुसत्या औषधाने 3.2 किलो आणि दोन्ही मिळून 6.1 किलो वाढले. तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे: होय, स्नायू वाढतात. आता त्याची किंमत काय ते पाहू.

शरीर कोणती किंमत मोजते?

आपल्या शरीरात टेस्टोस्टेरोनचे प्रमाण पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याप्रमाणे राखले जाते. पाणी भरले की गोळा वर येऊन तोटी बंद करतो. रक्तात बाहेरून संप्रेरक येऊ लागले, की मेंदूतील हायपोथॅलॅमस व पियुषिका ग्रंथी वृषणांना दिले जाणारे आदेश थांबवतात. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात किंवा नाहीसे होतात. औषध सोडल्यावरही यंत्रणा पूर्ववत व्हायला महिने, क्वचित वर्षेही लागतात. या काळात थकवा व उदासी येते आणि त्यामुळेच माणूस पुन्हा औषधाकडे वळतो.

जादा टेस्टोस्टेरोनचा काही अंश शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलते. त्यामुळे पुरुषांच्या छातीत स्तनांची वाढ होऊ शकते. आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या चकत्या बंद करण्याचा संदेशही इस्ट्रोजेनच देते. उंची वाढण्याच्या वयात स्टेरॉइड घेतले तर त्या वेळेआधी बंद होतात आणि उंची कायमची खुंटते. दंड वाढवण्याच्या नादात उंची गमावली तर ती कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

साधे टेस्टोस्टेरोन तोंडाने घेतले तर यकृत ते लगेच नष्ट करते. म्हणून गोळ्यांतील रेणूत एक लहानसा गट जोडून तो यकृताला पचणार नाही असा केलेला असतो. हाच बदल यकृताला जड जातो. कावीळ होते, क्वचित यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात, गाठीही होतात.

सर्वांत मोठा धोका हृदयाला आहे. हितकारक कोलेस्टेरॉल झपाट्याने घटते, रक्त दाट होते, रक्तदाब वाढतो. 2017 मध्ये अमेरिकेत 140 भारोत्तोलकांची तपासणी झाली. प्रत्येक ठोक्याला हृदयाची डावी जवनिका आतील रक्तापैकी किती रक्त बाहेर ढकलते, हे त्यात मोजले. स्टेरॉइड न घेणाऱ्यांत ते प्रमाण सरासरी 63 टक्के होते, घेणाऱ्यांत 52 टक्के. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात व्यायामशाळांतील तपासणीत दोषी ठरलेल्या 545 पुरुषांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. दहा आठवड्यांच्या प्रयोगात हे दिसत नाही, कारण हृदयाचे नुकसान वर्षानुवर्षे साचत जाते.

‘आपण फक्त पावडर घेतो’ असे म्हणणाऱ्यांनीही सावध राहावे. 2000-01 मध्ये 13 देशांतून घेतलेल्या 634 पूरक उत्पादनांपैकी 94 मध्ये वेष्टनावर न लिहिलेली स्टेरॉइडसदृश द्रव्ये सापडली होती.

औषधाविना

स्टेरॉइडच्या इतिहासाला समांतर असा दुसरा इतिहासही आहे. 1945 मध्ये अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या अशक्त मांड्यांना हळूहळू वाढते वजन उचलायला लावून बळकटी आणता येते, हे दाखवले. दहा वेळा उचलता येईल इतके वजन घ्यायचे आणि ते सोपे झाले की वाढवायचे. आजचा वजनांचा व्यायाम याच तत्त्वावर उभा आहे. आपल्या तालमीतही नवा पोर थोड्या बैठकांपासून सुरुवात करून संख्या वाढवत नेतो आणि हलक्या मुद्गलावरून जड मुद्गलाकडे जातो. तत्त्व तेच आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा डायनाबॉल बाजारात यायला सहा वर्षे होती.

पहिल्या काही आठवड्यांत शक्ती वाढते पण दंड वाढत नाही, आणि मुले येथेच निराश होतात. वस्तुतः या काळात मेंदू व मज्जातंतू अधिक स्नायूतंतूंना एका वेळी कामाला लावायला शिकत असतात. तंतूंची जाडी त्यानंतर वाढते. ताण पडलेल्या तंतूंशेजारच्या उपग्रह पेशी, ज्यांचा शोध 1961 मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी लावला, त्या दुरुस्तीला व वाढीला हातभार लावतात. या कामाला विश्रांती, झोप आणि प्रथिने लागतात.

सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात. वजनांचा व्यायाम करणाऱ्या प्रौढाला 1.6 ग्रॅमपर्यंत उपयोग होतो, त्यापुढे स्नायूंना विशेष लाभ दिसत नाही. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 7 ग्रॅम, एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मटकीची उसळ, भाकरी, दूध, शेंगदाणे या आहारातून बहुतेक गरज भागते. महागड्या डब्यावाचून मुलाचे अडत नाही.

आणि हे फक्त तरुणांपुरते नाही. 1990 मध्ये बोस्टन येथील वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांची शक्ती सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना आठ आठवडे एक तक्ता ठेवायला सांगावे. एका दमात किती जोर निघतात याची आठवड्यातून एकदा नोंद करावी, दंडाचा घेरही मोजावा आणि दोन्हींचे आलेख काढावेत. जोरांचा आलेख आधी चढतो, घेराचा मागे राहतो. असे का, याची चर्चा करावी. नंतर ब्राउन-सेकार यांची गोष्ट सांगून विचारावे, की त्यांनी प्रयोग कसा करायला हवा होता.

आणि कोणी इंजेक्शनबद्दल विचारलेच, तर ‘काही होत नाही’ असे म्हणू नये. काय होते ते सारे सांगावे. एखाद्याने आधीच सुरुवात केली असेल, तर त्याला रागे न भरता डॉक्टरांकडे न्यावे. 1977 मध्ये जो विश्वास गमावला गेला, तो वर्गात आपल्याला अजून राखता येईल.