इतिहासशिक्षकाच्या हाती कागद

जयपूरच्या शास्त्री नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्यांशी जुन्या गोष्टी बोलताना एका ठिकाणी जरा अडखळावे लागते. मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने हतबल झालेल्या सवाई ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये विष घेतले. पुढे १० जानेवारी १७५१ रोजी शहर पाहावयास आत आलेल्या मराठ्यांवर नगरवासी तुटून पडले आणि मोठी कत्तल झाली. यांपैकी पहिली घटना त्यांना सलते, दुसरी आपल्याला.

माध्यमिक शाळेतील इतिहासशिक्षकाची परीक्षा अशा जागी होते. समोर जयपूरचा मुलगा बसलेला असतो. कधी त्याच बाकावर बदलीने आलेल्या मराठी अधिकाऱ्याचाही मुलगा असतो. एकाला सुखवावे तर दुसरा दुखावतो. आणि प्रकरण गाळावे तर दोघेही ते इतरत्र, तिखटमीठ लावून ऐकतात.

शिक्षकाला येथे अध्यापनपद्धतीवरचे व्याख्यान फारसे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो कागद. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. त्यांत उत्तरेकडून आलेली पत्रे आहेत. खंडणीची मागणी आणि कत्तल ही दोन्ही प्रकरणे ज्याने समकालीन पत्रांतून ओळीने वाचली, त्याला वकिली करावी लागत नाही. उलट दिशेनेही असेच आहे. १६६६ साली आग्र्यास शिवछत्रपतींचे काय झाले, हे सांगणारी मोलाची पत्रे आग्र्याहून आमेरला धाडलेली, राजस्थानी भाषेतली आहेत. आपल्या अभिमानाच्या प्रसंगाचे साक्षीदार कछवाह्यांच्या पदरचे लोक आहेत, हे पुण्यातल्या किती वर्गांत सांगितले जाते?

शिक्षकाने कागद वाचणे ही काही नवी कल्पना नव्हे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. गावातच पटवर्धनांचे दप्तर होते. त्यातून त्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला आणि १९२४ साली निधन होईपर्यंत त्याचे बारा भाग सिद्ध केले. त्यांना कोणी प्रशिक्षणवर्गास पाठविले नव्हते!

प्रत्येकाने खरेशास्त्री व्हावे, असे मात्र कोणी म्हणणार नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दर पाच वर्षांच्या सेवेत दोनतीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला हे ठाऊक आहे, की तास मोजणे सोपे असते आणि हजेरीपटही सुरेख भरतो. या ५० पैकी दहा तास तरी शिक्षकांना दोन पत्रांसमोर बसवावे: एक मोडीतून बालबोधीत उतरविलेले, दुसरे राजस्थानी, दोन्हींचे हिंदी भाषांतर सोबत असावे. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, त्याने स्वतः काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, एवढे चार प्रश्न त्यांनी आपसांत सोडवावेत आणि तीच पत्रे दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात न्यावीत.